कुऱ्हाड न लावता पाडलेला पिंपळ

पाप फुकट असतं. पैसे पडतात ते पाप टाळायला. हे मला कुण्या बुवा-महाराजानं सांगितलेलं नाही, माझ्या सासरच्या शहाण्या माणसांनी डोळ्यांदेखत करून दाखवलं. एक पिंपळ पाडायचा होता. दोन माणसं, दोन कुऱ्हाडी आणि एक दिवस, एवढंच काम. त्याला आमच्या घरानं एकशे दहा रुपये मोजले. तेही हाली नव्हेत, कलदार. पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, निजाम गेला होता, पण त्याचा हाली रुपया बाजारात अजून फिरत होता आणि दिल्लीचा कलदार त्याच्यापेक्षा भाव खाऊन होता. रानात दिवसभर वाकणाऱ्या बाईला तेव्हा आठ आणे मिळायचे. आता तुम्हीच लावा हिशेब.

मी जालन्याची. वडील कापसाच्या प्रेसमध्ये फिटर होते. मोठमोठी लोखंडी धूडं कप्पीला टांगून इकडची तिकडं करणं हे त्यांचं रोजचं काम, आणि मी लहानपणापासून त्यांचा डबा घेऊन जायची ती तासभर तिथंच बघत बसायची. लग्न होऊन गेले वडीगोद्रीच्या अलीकडच्या एका गावात. घर शेतकऱ्याचं, खाऊन-पिऊन सुखी. मामंजी, म्हणजे माझे सासरे, गावातले वजनदार. त्यांच्या शब्दाबाहेर घरातलं मांजरही जात नसे. सुनेनं तर त्यांच्यापुढं तोंड उघडायचंच नाही, डोक्यावरचा पदर आणि खालची मान एवढंच तिचं भाषण.

त्या घरात मला एकच माणूस आवडलं, आणि ते माणूस त्या घरात राहत नव्हतं. माझ्या नवऱ्याची आत्या, मामंजींची धाकटी सख्खी बहीण. ऐन पंचविशीत कपाळ पांढरं झालं, सासरच्यांनी हात धरून बाहेर काढलं, ती भावाच्या दारात आली. भावानं मोठ्या मनानं मागची पडवी दाखवली. "इथं पड, दोन घास मिळतीन," असं म्हणाले म्हणे. आत्यानं एक दिवस त्या पडवीत काढला आणि दुसऱ्या दिवशी पायातले वाळे, दंडातली वाकी, होतं नव्हतं ते सगळं मोडलं. मामंजींच्या जागेच्या कडेला, रस्त्याला लागून, दोन खोल्या उभ्या केल्या. मातीच्या भिंती, वर पत्रे. एक हातानं फिरवायचं शिलाईचं मशीन घेतलं. झबली, चोळ्या, परकर शिवायची, वाकळा शिवायची आणि आपलं खायची. दार रस्त्याकडं. "माझ्या दारातून मी निघते, कुनाला इचारून न्हाई," असं ती अगदी सहज बोलायची, पण त्यात तिचं सगळं आयुष्य होतं.

त्या घराच्या मागं तो पिंपळ. दोन माणसांच्या कवेत न मावणारा. पोळा होऊन आठवडा झाला असेल, एके दिवशी दुपारी असं वावधान सुटलं की गावातले निम्मे पत्रे उडाले. आत्याचे नाही उडाले, पण पिंपळ वाकला. पार आत्याच्या घरावर झुकला. मागच्या अंगाची मुळं उचलली आणि बुंध्याजवळ जमिनीला भेग पडली. आत्यानं मला नेऊन दाखवली. त्या दिवशी भेगेत दोन बोटं जात होती. तिसऱ्या दिवशी चार बोटं. पाचव्या दिवशी आत्यानं मूठ घातली, ती आत गेली.

"दादा, हे झाड माझ्या घरावर येतंय," ती मामंजींना म्हणाली.

मामंजी म्हणाले, "बघू."

आमच्याकडं बघू म्हणजे न बघणं.

योगायोग असा की लाकूडतोड करणारी दोन माणसं त्याच आठवड्यात गावात आलती. बाभळी तोडत फिरायची. आत्यानं त्यांना झाड दाखवलं. ते म्हणाले, आधी वरचा भार उतरवू, घरावरच्या फांद्या दोर बांधून एकेक खाली घेऊ, मंग बुंधा. पाच रुपये. हाली चालतील. इतकं सरळ होतं. पण तेवढ्यात गाव जमलं. बया बया! वावधानात पत्रे उडाले तेव्हा जी माणसं खाटेखाली बसली होती ती सगळी आता छाती काढून पुढं. पिंपळाला कुऱ्हाड? पिंपळावर मुंजा असतो! तो कुणी पाहिला नव्हता, पण प्रत्येकाच्या आज्यानं पाहिला होता. ज्यानं कुऱ्हाड लावली त्याचा वंश बुडाला, अशा चार गोष्टी चार तोंडांतून निघाल्या आणि बुडालेल्या वंशाचं गाव दर वेळी शेजारचं. लाकूडतोडे म्हणाले, "आमाला काय, झाड म्हंजे झाड." पण मामंजींनी त्यांना हात जोडून वाटेला लावलं.

तेव्हा आत्या सगळ्यांपुढं म्हणाली, "पाप लागत आसंन तर माझ्या नावावर घाला. मला ना लेकरू ना बाळ. वंश बुडायचा त्यो बुडालाच हाये. माझ्या हातानं पहिला घाव घालते, मंग तर झालं?"

यावर काय बोलावं हे कुणाला सुचेना, म्हणून सगळे हसले. विधवेनं पिंपळाला घाव घातला तर पाप दुप्पट, असं कुणीतरी म्हणालं. गावच्या भटजींनी तोडगा काढला की आत्यानं शनिवारी पिंपळाला एकशे आठ प्रदक्षिणा घालाव्यात, म्हणजे झाड स्थिरावेल. रोग रेड्याला अन् औषध पखालीला. झाड कलतंय मुळापाशी आणि फिरवतायत बाईला! आणि आत्यानं घातल्याही हो. त्या भेगेवरून पाय उचलून टाकत, एकशे आठ. ज्याची जळते त्याला कळते. माणूस घरासाठी काय काय करतं.

शनिवार झाला, रविवार झाला, भेगेत आता कोपरापर्यंत हात जाऊ लागला. तेव्हा कुठं मामंजींना घाम फुटला. बहिणीच्या घराची काळजी किती होती ते देव जाणे, पण आपल्या जागेतलं झाड आपल्याच विधवा बहिणीवर पडलं तर पंचक्रोशीत तोंड कुठं लपवायचं, याची मात्र होती. मंग भटजींनाच पुन्हा विचारलं. भटजी हुशार. दोन दिवस पोथ्या चाळल्या आणि सांगितलं, दोष शस्त्राचा आहे. शस्त्र न लागता, कुणी ओढून झाड खाली बसवलं, तर ते झाड आपल्या पायानं बसलं असं धरता येतं.

धरता येतं! असली धरता येण्यासारखी वाक्यं काढायला आमच्याकडं माणसं कधी कमी पडली नाहीत.

आमच्या ह्यांना जालन्याला पिटाळलं. तिथं एक मिस्त्री होता, कापसाच्या प्रेसमधले बॉयलर उचलून ठेवायची कंत्राटं घ्यायचा. त्याच्याकडं हातानं फिरवायची चरखी होती. दोन्ही बाजूंना दांडे, मधे दातेरी चाकं, आणि लोखंडी ढोलाला गुंडाळत जाणारा तारेचा दोर. चार माणसं दांडे फिरवू लागली की दोर इंचाइंचानं आत येतो आणि पलीकडं हत्ती बांधला असला तरी तो ओढला जातो. मिस्त्री उर्दू बोलणारा, पन्नाशीचा, दाढीला मेंदी. येऊन त्यानं झाडाभोवती एक चक्कर मारली आणि पहिला प्रश्न विचारला, "कुऱ्हाड का नाही लावत?"

मामंजींनी खाली बघत कारण सांगितलं. मिस्त्री हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. तो फक्त "अच्छा," म्हणाला, आणि त्या अच्छामध्ये त्यानं भाव वाढवला हे मला दाराआडूनसुद्धा कळलं. चरखीचं दोन दिवसांचं भाडं, चार माणसं, जालन्याहून लोखंड आणायची गाडी, सगळ्यांचं जेवण, आणि मुंजा अंगावर आला तर त्याचं निराळं. हे शेवटचं तो बोलला नाही, रकमेत होतं. नव्वद रुपये. हालीचं नाव काढताच त्यानं मान हलवली. "कलदार, साहब."

एरवी मजुरांशी चवली-पावलीवरून तास तास घासाघीस करणारे मामंजी नव्वदला चटकन हो म्हणाले. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला म्हणतात, इथं तर मसालाच शिजत होता.

ठरल्या दिवशी सकाळी सामान आलं. झाड झुकलं होतं रस्त्याच्या अंगाला, घरावर. ओढायचं उलट अंगाला, मागच्या रानाकडं. आता चरखी कशाला तरी घट्ट बांधायला पाहिजे. ती झाडाला ओढते तेव्हा झाडही तिला तितकंच ओढत असतं. मिस्त्रीनं इकडं तिकडं बघितलं आणि बोट दाखवलं. पिंपळाच्या बराबर मागं, गावाच्या कडेच्या कठीण मुरमात, एक जुना लिंब उभा होता. पिंपळाइतकाच जाड. "बस. ह्याला बांधतो. काम पक्का."

आणि पुन्हा गाव पुढं सरसावलं. तो लिंब देवीचा! त्याच्या बुडाशी शेंदराचा दगड होता. देवीच्या लिंबाला तारेचा फास? आईला दोरानं बांधायचं? बायका कानावर हात ठेवू लागल्या. वर्षातून एकदा त्या दगडाला नारळ फुटायचं आणि उरलेलं वर्ष गावातली गुरं त्याच लिंबाला दाव्यानं बांधलेली असायची. मी ते रोज बघत होते. सगळं गाव रोज बघत होतं. पण दावं ते दावं आणि तार ती तार.

मिस्त्री मामंजींना बाजूला घेऊन म्हणाला, "बघा साहब, लिंबाला बांधू द्याल तर मी जबाबदार. रानात पहारी ठोकायला लावाल तर ग्यारंटी न्हाई. जमीन नरम हाय. आन पहारींचे वीस जादा."

मामंजींनी वीस जादा कबूल केले. लिंबाच्या पलीकडं काळं रान, पावसानं लोण्यासारखं झालेलं. पाऊल टाकलं की गुडघाभर चिखल वर येतो. जन्मभर तीच माती नांगरलेली माणसं तिच्यात पहारी ठोकताना उभी राहून बघत होती आणि एकाच्याही तोंडून निघालं नाही की अहो, ह्या मातीत आमचा बैल उभा राहत नाही, पहार काय राहणार! सहा पहारी ठोकल्या, साखळ्या टाकल्या, चरखी बांधली.

आत्याला घराबाहेर यायला सांगितलं. ती म्हणाली, "सामान काढू द्या." मामंजी म्हणाले, "दोन घटकेचं काम, हालवाहालव कशाला? झाड तिकडं पडनार." आत्यानं शिलाईचं मशीन उचललं, डोक्यावर घेतलं आणि रस्त्यापलीकडं नेऊन ठेवलं. दुसऱ्या खेपेला आत जाऊ लागली तेव्हा भटजी ओरडले, मुहूर्त टळून राह्यला. तिला थांबवलं.

मंग पूजा झाली. पिंपळाची नव्हे, चरखीची. तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडलं. मिस्त्री कोपऱ्यात उभा राहून शांतपणे बघत होता. त्याच्या लोखंडाचं इतकं कौतुक जालन्यात कुणी केलं नसेल.

दांडे फिरू लागले. तार ताणली, पिंजाऱ्याच्या धनुकलीसारखी वाजली. पिंपळ कुरकुरला आणि खरंच, हातभर वर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामंजींची मान ताठ झाली. सगळे झाडाकडं बघत होते.

मी पहारींकडं बघत होते.

माझ्या वडिलांनी मला एक गोष्ट शिकवली होती. प्रेसमधला भला मोठा लोखंडी दांडा कप्पीला लटकला की सगळे वर बघायचे. वडील मला म्हणायचे, "सगळी दुनिया ओझ्याकडं बघती. तू खुंटीकडं बघ. ओझं कधी दगा देत न्हाई, खुंटी देती." आम्ही बायका मागच्या गडग्याला उभ्या होतो, तिथून पहारी अगदी समोर. मला दिसलं. पुढच्या दोन पहारी उभ्या राहिल्या नव्हत्या, झाडाकडं कलल्या होत्या. त्यांच्या पुढची माती फुगून वर आली होती आणि तिला बारीक चिरा पडत होत्या. आधी एक, मंग तीन.

आमचे हे दहा पावलांवर उभे. मी पदराआडून हळू म्हणाले, "अहो, पहारी निघून राह्यल्यात. मिस्त्रीला थांबवा, पुन्हा ठोकायला लावा."

ह्यांनी मागं न बघता म्हटलं, "गप बस. चार मानसांत शोभा करती का?"

मी गप बसले. मिस्त्री वीस पावलांवर होता. मोठ्यानं एक हाक मारली असती तर त्यानं खटका लावून चरखी थांबवली असती. माझ्या बापाला तो ओळखत होता, माझं ऐकलं असतं. पण मामंजी समोर, भटजी समोर, सगळं गाव समोर. मी गप बसले, आणि बघत राहिले.

मधे मिस्त्रीला स्वतःलाही काहीतरी वाटलं. त्यानं हात वर केला, म्हणाला, जरा दम घेऊ, पहारी बघू. तर भटजी म्हणतात, "मुहूर्ताला चारच मिन्टं ऱ्हायलीत, जल्दी करा." मामंजी म्हणाले, "चालू द्या." मिस्त्रीनं खांदे उडवले. दांडे पुन्हा फिरले.

पहारी एकदम निघाल्या. चिखलातून पाय निघावा तसा आवाज, सहाच्या सहा. चरखी घसरत दहा हात पुढं गेली, माणसं बाजूला उड्या मारून पडली, तार सैल झाली. उचललेला पिंपळ क्षणभर तसाच उभा राहिला. मंग आपल्या मूळच्या बाजूला वळला आणि आत्याच्या घरावर बसला. म्हैस बसावी तसा, पुढचे गुडघे आधी, मंग सगळं अंग. पत्र्यांचा एकच मोठा आवाज झाला. माती उडाली ती खाली बसेपर्यंत काही दिसेना. बसली तेव्हा घर नव्हतं.

आत्या रस्त्यापलीकडं शिलाईच्या मशीनवर हात ठेवून उभी होती. तिनं एकदा डोक्यावरचा पदर सारखा केला.

पहिल्यांदा कोण बोललं असेल? भटजी. म्हणाले, "देवाची किरपा. जीवहानी न्हाई. आन शस्त्र लागलं न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. खरंच होतं ते. एक पानही शस्त्रानं तुटलं नव्हतं. आणि त्याच्यापुढची गंमत ऐका. फांद्या रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या आणि अंबडची मोटार यायची वेळ झाली होती. अर्ध्या तासात गावातून वीस कुऱ्हाडी आल्या. वीस! ज्यांचा वंश बुडणार होता तेच घामाघूम होऊन खापलून राह्यले होते. पडलेल्या झाडाला दोष नसतो म्हणे.

मिस्त्रीनं आपलं लोखंड गोळा केलं, पुसलं, गाडीत ठेवलं आणि मामंजींपुढं हात पसरला. मामंजी लालबुंद. "कसले पैसे? घर पाडलंत माझं!" मिस्त्री म्हणाला, "घराचं बोलणं नव्हतं, साहब. झाड पाडायचं ठरलं होतं. झाड पडलं." मामंजींनी एकशे दहा मोजले. माझं घर म्हणाले ते, बरं का. आयुष्यात पहिल्यांदा ते घर त्यांचं झालं.

संध्याकाळी बोलावणं गेलं, आत्यानं आता घरी यावं. मागची पडवी सारवून ठेवली होती. आत्या आली नाही. तिनं मोडक्या भिंतीतले तीन दगड काढले, रस्त्याच्या कडेला चूल मांडली आणि भाकरी थापायला बसली. पिंपळाच्याच काटक्या जाळल्या. वर आभाळ, मागं ढिगारा, शेजारी शिलाईचं मशीन. दुसऱ्या दिवशी तिनं एक फाटकी ताडपत्री चार काठ्यांवर टाकली आणि त्याखाली चोळ्या शिवायला घेतल्या. अंबडची मोटार तिच्यासमोरच थांबायची. उतारू विचारायचे, "माय, ह्ये काय झालं?" ती सांगायची. न चिडता, न वाढवता, जसं झालं तसं. एकशे दहा कलदार हे ती न विसरता सांगायची. लोक हसत मोटारीत चढायचे आणि ती गोष्ट जालन्यापर्यंत घेऊन जायचे.

घरात मामंजींचं जेवण तुटलं. पापाला न भिणारा माणूस मी पाहिलाय, पण लोकांच्या हसण्याला न भिणारा अजून पाहायचाय. सहाव्या दिवशी मामंजी, आमचे हे, भटजी आणि दोन-चार जाणते असे आत्याकडं गेले. मीही पाण्याचा तांब्या घेऊन मागं गेले. मामंजींनी सांगितलं, घर बांधून देतो. एक खोली. मात्र आमच्या गडग्याच्या आत, आणि दार आमच्या अंगणात.

आत्या सुईत दोरा ओवत म्हणाली, "दार रस्त्याकडं."

"तुझ्या भल्यासाठीच सांगून राह्यलो, बाई. एकल्या बाईनं रस्त्यावर ऱ्हाणं बराबर न्हाई."

"दार रस्त्याकडं, दादा. न्हाईतर घर नको."

मामंजी उठले. "मंग बस इथंच." मोटार उभी होती, उतारू ऐकत होते.

आणि काय झालं कुणास ठाऊक, माझं तोंड उघडलं. हातातला तांब्या खाली ठेवला आणि मी मोठ्यानं, मामंजींच्या तोंडावर बोलले. लग्नानंतर पहिल्यांदा. "यंत्राला एकशे दहा दिले, तेवढ्यात असलं घर पत्र्यांसकट उभं राह्यलं असतं. पाच रुपयांत झाड उतरत होतं ते उतरू दिलं नाही. लिंबाला बांधू दिलं नाही. पहारी निघून राह्यल्या होत्या, मला दिसत होत्या, मी ह्यांना सांगितलं, ह्यांनी मला गप केलं. आता निदान दार तरी तिच्या मनासारखं होऊ द्या!"

आमच्या ह्यांचा चेहरा असा झाला की माझा मुडदा पडला असता तरी चाललं असतं त्यांना. भटजी खोकू लागले. मोटारीतल्या एका म्हाताऱ्यानं "बराबर हाये!" अशी आरोळी ठोकली. मामंजी माझ्याकडं बघत राहिले, मंग त्या मोटारीकडं, मंग जमिनीकडं. "होऊ द्या रस्त्याकडं," म्हणाले आणि चालू लागले.

मी जिंकले होते! आतून असं हलकं वाटत होतं. मी आत्याकडं वळले. वाटलं, आता ही मला जवळ घेईल. आता ही म्हणेल, एक तरी निघाली माझ्या बाजूची.

आत्यानं सुई चोळीत टोचून ठेवली आणि माझ्याकडं बघितलं.

"तुला दिसलं व्हतं?"

"हो, आत्या."

"पहारी निघताना?"

"हो."

"मंग?"

एवढंच. ह्यांनी गप केलं, हे मी आताच सगळ्यांपुढं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. ते उत्तर होऊ शकत नाही हे तिनं विचारल्यावर मला कळलं. ज्या तोंडानं आज बोलले ते तोंड त्या दिवशीही मला होतं, आणि घर त्या दिवशी होतं. आत्यानं सुई काढली आणि शिवायला लागली.

दिवाळीच्या आत घर झालं. पहिल्यासारख्याच दोन खोल्या, वर नवे पत्रे, दार रस्त्याकडं. मामंजींनीच बांधून दिलं आणि पुढं जन्मभर आपण बहिणीसाठी काय केलं ते पाहुण्यांना सांगत राहिले. आत्या त्या घरात बारा-तेरा वर्षं राहिली. माझ्या दोन्ही लेकरांची झबली तिनं शिवली, वाकळा शिवल्या, कधी पैसा घेतला नाही. रस्त्यानं जाणारी-येणारी बाई तिच्या ओट्यावर टेकायची, आत जाऊन पाणी प्यायची, चहा घ्यायची. मी गेले की आत्या उठून दारात यायची. झबलं माझ्या हातात द्यायची, लेकराच्या गालावरून हात फिरवायची, बरी आहेस का म्हणून विचारायची. तिथंच, उंबऱ्यावर उभी राहून. त्या घराच्या दुसऱ्या खोलीत काय होतं ते मी ती गेल्यावर पाहिलं, तोवर मला माहीत नव्हतं.

मामंजींना मी आजपर्यंत नावं ठेवते, भटजींना ठेवते, ह्यांना तर हयात असेपर्यंत ठेवली. आत्यानं मात्र कुणालाच नावं ठेवली नाहीत. ती नुसती ठरवायची, कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही. घर तिचं होतं, आणि तिनं ठरवलं ते बराबरच होतं.